छोट्या गटांची ऑनलाइन चर्चा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात, बीएडच्या वर्गात किंवा दूरशिक्षणात शिकवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मूडल या ऑनलाइन कोर्स चालवण्याच्या सॉफ्टवेअरची आहेत, कारण ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि अनेक कॉलेजांच्या सर्व्हरवर आधीपासून बसवलेलं असतं. मेनूंची नावं मूडल ४ प्रमाणे दिली आहेत. आवृत्ती जुनी असेल तर बटणांच्या जागा बदलतील, पण पर्याय बहुतेक हेच राहतील.

वर्गात चर्चा होतेच, मग ऑनलाइन कशाला?

६० विद्यार्थी आणि ४८ मिनिटांचा तास, असा हिशेब धरा. शिक्षकाने एक शब्दही न बोलता सगळा वेळ वाटून दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ४८ सेकंद येतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन बाकांवरचे पाच-सहा जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. लेखी चर्चेत १२ गट एकाच वेळी बोलू शकतात. ज्याला वाक्य जुळवायला दहा मिनिटं लागतात त्याचंही म्हणणं पूर्ण होतं, आणि कोण काय म्हणालं ते आठ दिवसांनी परत वाचता येतं.

काही गोष्टी मात्र वर्गातच उरकाव्यात. कामांची वाटणी, तारखा ठरवणं, रुसवेफुगवे मिटवणं ही कामं लिहून करायला गेलं की लांबतात. ज्या मुद्द्यावर विचार करायला वेळ हवा तो ऑनलाइन घ्या, जिथे पटकन निर्णय हवा तो वर्गात.

वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावरच का नाही?

निरोपासाठी तो उत्तम आहे, चर्चेसाठी तीन कारणांनी अपुरा पडतो. एक, सगळे संदेश एकाच ओळीने वाहतात. विषयातल्या एखाद्या मुद्द्यावर कोणी उत्तर देईपर्यंत मध्ये परीक्षेच्या फॉर्मचे वीस संदेश येऊन गेलेले असतात. दोन, तिथे दोन ओळींच्या वर लिहिण्याची सवयच नसते, त्यामुळे ‘हो’, ‘बरोबर’ आणि अंगठे यांपुढे गाडी जात नाही. तीन, ग्रुपमध्ये मुलींचे मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतात. हे तिसरं कारण एकटंही पुरेसं आहे.

‘आज संध्याकाळी सहापर्यंत पहिली पोस्ट’ ही आठवण मात्र व्हॉट्सॲपवरच टाका. ती तिथेच वाचली जाते.

मूडल नसेल तर?

गूगल क्लासरूममध्ये ‘क्वेश्चन’ हा प्रकार वापरा आणि विद्यार्थ्यांना एकमेकांना उत्तर देता येईल ही खूण सुरू ठेवा. प्रश्न निवडक विद्यार्थ्यांना नेमून देता येतो, म्हणजे तोच प्रश्न गटागणिक वेगळा टाकता येतो. गट बरेच असतील तर हे काम कंटाळवाणं होतं. डिस्कोर्स हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वाचायला फार सुखद आहे आणि त्यात गटागणिक बंद विभाग करता येतात. त्यात नव्या खात्यांवर पहिल्या दिवशी पोस्टच्या संख्येची मर्यादा असते. स्पॅम रोखण्यासाठी ती ठेवलेली आहे, पण वर्गात तिचा अडथळा होतो. कोर्स सुरू होण्याआधीच ॲडमिनकडून ती सैल करून घ्या.

गट किती जणांचा असावा?

पाच. चार किंवा सहा चालतील. तिघांच्या गटातला एक आजारी पडला की उरते ती दोघांची गप्पा. आठ जणांच्या गटात चौघे लिहितात आणि उरलेल्यांना वाटतं, माझ्यावाचून काही अडत नाही. गट जितका मोठा तितका एकेकाचा जोर कमी पडतो. मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९७९ मध्ये टाळ्या आणि आरडाओरडा मोजून दाखवलं होतं, आणि लेखी चर्चेतही तेच दिसतं.

वाचायचा भारही बघा. पाच जणांनी प्रत्येकी १५० शब्दांच्या तीन पोस्ट टाकल्या की २,२५० शब्द होतात, म्हणजे मोबाइलवर अकरा-बारा मिनिटांचं वाचन. हे होण्यासारखं आहे. दहा जणांच्या गटात ते दुप्पट होतं, आणि मग कोणी कोणाचं वाचत नाही.

मूडलमध्ये गट कसे पाडायचे?

कोर्समध्ये ‘पार्टिसिपंट्स’ उघडा, वरच्या यादीतून ‘ग्रुप्स’ निवडा आणि ‘ऑटो-क्रिएट ग्रुप्स’ दाबा. नावाच्या चौकटीत ‘गट #’ लिहिलं की आपोआप क्रमांक पडतात. ‘मेंबर्स पर ग्रुप’ निवडून ५ भरा. मुलं ६३ असतील तर शेवटी तिघांचा गट उरतो. ‘प्रिव्हेंट लास्ट स्मॉल ग्रुप’ वर खूण केली की ते तिघे इतर गटांत मिसळले जातात. ‘प्रिव्ह्यू’ पाहूनच ‘सबमिट’ करा.

यानंतर फोरमच्या, म्हणजे कोर्समधल्या लेखी चर्चेच्या जागेच्या, सेटिंगमध्ये ‘कॉमन मॉड्यूल सेटिंग्ज’ खाली ‘ग्रुप मोड’ बदलायला विसरू नका. गट पाडले पण मोड ‘नो ग्रुप्स’ राहिला, ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. मग साठही जण एकाच धाग्यात लिहितात आणि दुसऱ्या दिवशी ते निस्तरत बसावं लागतं.

उशिरा प्रवेश घेतलेल्यांना हाताने गटात घाला. गटात नसलेल्या विद्यार्थ्याला बंद गटांच्या, म्हणजे ‘सेपरेट ग्रुप्स’ ठेवलेल्या, फोरममध्ये नवीन चर्चा सुरूच करता येत नाही. तो ‘सर, मला बटण दिसत नाही’ म्हणतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं.

‘सेपरेट ग्रुप्स’ की ‘व्हिजिबल ग्रुप्स’?

चर्चा चालू असताना ‘सेपरेट’, म्हणजे प्रत्येकाला फक्त आपल्याच गटाचं लिखाण दिसतं. दुसऱ्या गटाचं लिखाण दिसलं की दुर्बल गट ते उचलतो आणि सबळ गटाला वाटतं आपलं चोरलं गेलं. सगळ्यांचे सारांश जमा झाले की मोड ‘व्हिजिबल’ करा. मग प्रत्येक गट इतरांचं वाचू शकतो, पण त्यात लिहू शकत नाही. हा बदल मध्येच करता येतो आणि पोस्ट कुठेही जात नाहीत.

इथे एक खाच आहे. बंद गटांच्या फोरममध्ये तुम्ही ‘ऑल पार्टिसिपंट्स’ निवडून प्रश्न टाकला, तर विद्यार्थ्यांना तो दिसतो पण त्याखाली उत्तर लिहिता येत नाही. प्रश्न टाकताना ‘पोस्ट अ कॉपी टू ऑल ग्रुप्स’ वर खूण करा, म्हणजे प्रत्येक गटात त्याची वेगळी प्रत जाते आणि उत्तरं तिच्याखाली येतात.

फोरमचा कोणता प्रकार निवडायचा?

बहुतेक वेळा ‘स्टँडर्ड फोरम फॉर जनरल यूज’. ‘सिंगल सिंपल डिस्कशन’ नावावरून सोपा वाटतो, पण तो बंद गटांसोबत चालतच नाही.

‘क्यू अँड ए’ प्रकारात स्वतःची पोस्ट टाकल्याशिवाय इतरांच्या दिसत नाहीत. पहिल्या टप्प्यासाठी तो फार कामाचा आहे, कारण प्रत्येकाला आधी स्वतःचं डोकं चालवावं लागतं. एवढं मात्र मुलांना आधी सांगा : पोस्ट टाकल्यावरही लगेच काही दिसणार नाही. पोस्ट बदलायची मुदत, जी मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटं असते, ती संपल्यावरच बाकीच्यांचं लिखाण उघडतं. हे न सांगितल्यास ‘फोरम बंद पडलाय’ अशा तक्रारी येतात, आणि काही जण तीच पोस्ट तीन-तीनदा टाकतात.

प्रश्न कसा घालावा?

सगळं यश-अपयश इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

‘पाणीटंचाईची कारणं व उपाय यांवर चर्चा करा.’ या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे. पहिल्याने ते उतरवलं की दुसऱ्याला ‘मी सहमत आहे’ यापलीकडे म्हणायला काही उरत नाही. तिथे मुलं आळशी नसतात, प्रश्नातच चर्चेला जागा नसते.

त्याऐवजी असा प्रश्न घ्या : ‘अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं आणि सिंचनासाठीच्या बोअरवेल यांवर गावाच्या संमतीने बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली. असा ठराव तुमच्या गटाला एखाद्या ग्रामसभेत मांडायचा आहे. प्रत्येकाने आधी आपल्या गावातली किंवा वस्तीतली एक विहीर, बोअर किंवा टाकी प्रत्यक्ष पाहायची आणि तिची खोली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं आणि ते कशासाठी वापरतात एवढं लिहायचं. त्यानंतर गटाने मिळून एकच ठराव लिहायचा, जास्तीत जास्त १५० शब्दांचा.’

यात चार गोष्टी एकत्र आल्या. प्रत्येकाकडे अशी माहिती आहे जी इतर चौघांकडे नाही. शेवटी तयार होणारी वस्तू एकच आहे, त्यामुळे तडजोड करावीच लागते. १५० शब्दांच्या मर्यादेमुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं यावर वाद होतो, आणि शिकणं नेमकं त्या वादात घडतं. शिवाय प्रामाणिक माणसांची मतं वेगळी पडू शकतील असा हा विषय आहे : ज्याच्या घरचा ऊस आहे तो सहजासहजी हो म्हणणार नाही. शहरातल्या मुलांसाठी हाच प्रश्न सोसायटीच्या टँकरच्या बिलावर बेतता येतो.

गणितात किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये असा वाद निघणार नाही असं वाटतं, पण तिथेही मार्ग आहे. उत्तर द्या आणि चुकलेली पायरी शोधायला सांगा. किंवा एकच गणित दोन रीतींनी सोडवून कोणती रीत कुठे अडते ते ठरवायला सांगा.

‘छान’, ‘सहमत’, ‘खूप उपयुक्त माहिती’ याच पोस्ट येतात. काय करावं?

उत्तर म्हणजे काय, हे मुलांना कोणी दाखवलेलंच नसतं. एक नियम द्या : एक धरा, एक जोडा, एक विचारा. मित्राच्या पोस्टमधला एक मुद्दा धरायचा, आपल्याकडची एक गोष्ट त्याला जोडायची आणि पुढे नेणारा एक प्रश्न विचारायचा. सोबत नमुना द्या. समजा गटातल्या एकीने लिहिलं की त्यांची विहीर मे महिन्यात तळ गाठते. त्यावर असं उत्तर येऊ शकतं :

‘तू म्हणतेस मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. आमच्या बोअरला ३०० फुटांवर अजून पाणी आहे, पण ती मारल्यानंतरच शेजारच्या दोन विहिरी आटल्या असं काका सांगतात. मग बंदी फक्त नव्या बोअरवर घालून भागेल का?’

पन्नास शब्दही नाहीत, तरी पुढच्याला उत्तर द्यावंच लागेल. हा नमुना फोरमच्या वर्णनात कायम दिसेल असा ठेवा, म्हणजे लिहिताना नजरेसमोर राहतो.

वेळापत्रक कसं असावं?

एका चर्चेला दहा दिवस पुरतात. पहिल्या तीन दिवसांत प्रत्येकाची स्वतःची पोस्ट. पुढच्या चार दिवसांत प्रत्येकी किमान दोन उत्तरं, आणि ती वेगवेगळ्या दिवशी. मग दोन दिवसांत गटाचा मसुदा, आणि दहाव्या दिवशी तो सगळ्यांसमोर.

पहिल्या पोस्टची मुदत वेगळी ठेवणं हा यातला जीव आहे. एकच अंतिम तारीख दिली तर सगळे त्याच रात्री लिहितात आणि उत्तर द्यायला कोणी उरत नाही. मूडलच्या एका फोरममध्ये ‘ड्यू डेट’ आणि ‘कट-ऑफ डेट’ अशा दोन तारखा टाकता येतात. पहिली कॅलेंडरमध्ये दिसते पण नंतरही लिहू देते, दुसरी दार बंद करते. पहिल्या पोस्टसाठी ‘ड्यू डेट’ वापरा, पूर्ण चर्चेसाठी ‘कट-ऑफ’.

मुदत मध्यरात्रीची नको, संध्याकाळी सहाची ठेवा. लॉगिन अडलं तर सहा वाजता कोणाला तरी विचारता येतं. ज्या गावांत रात्री वीज आणि नेट दोन्ही रुसतात, तिथल्या मुलांसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे.

पहिल्याच आठवड्यात विषयाला हात घालावा का?

नको. ऑनलाइन शिक्षणाच्या अभ्यासक गिली सॅमन यांच्या पाच पायऱ्यांच्या प्रारूपात पहिली पायरी आत शिरण्याची आणि दुसरी एकमेकांची ओळख होण्याची आहे. ज्ञान घडवण्याची पायरी चौथी येते. पहिल्या आठवड्यात गुण नसलेलं एक हलकं काम द्या : ‘तुमच्या घराजवळच्या एखाद्या पाणवठ्याचा फोटो टाका आणि त्याचं गावात काय नाव आहे ते लिहा.’ यात पासवर्ड, फोटो चढवणं आणि मराठी टायपिंग या तिन्ही अडचणी विषयाच्या आधीच बाहेर पडतात. फोटोची कमाल मर्यादा १ एमबी ठेवली असेल, तर मोबाइलचा मूळ फोटो बहुधा चढणार नाही. लहान कसा करायचा ते त्याच सूचनेत लिहा.

शिक्षकाने किती लिहायचं?

कमी, पण वेळेवर. प्रत्येक पोस्टखाली शिक्षकाचं उत्तर आलं की मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून शिक्षकाशी बोलू लागतात, आणि ‘बरोबर आहे’ हे दोन शब्द तर चर्चा तिथल्या तिथे संपवतात. दहा दिवसांत एका गटात दोन-तीन पोस्ट पुरतात. त्या कधी टाकायच्या? गट चुकीच्या माहितीवर एकमत होत असेल तेव्हा, दोघांचं म्हणणं विरुद्ध आहे हे कोणाच्या लक्षात आलं नसेल तेव्हा, आणि दोन दिवस कोणी लिहिलं नसेल तेव्हा. शक्य तेवढं विद्यार्थ्यांचंच वाक्य उचलून दुसऱ्या विद्यार्थ्यासमोर ठेवा.

वैयक्तिक चूक सुधारायची असेल तर ‘रिप्लाय प्रायव्हेटली’ वापरा. ती टीप फक्त त्या विद्यार्थ्याला आणि शिक्षकांना दिसते. मात्र तुम्ही वाचत आहात हे गटाला कळत राहिलं पाहिजे. आठवड्यातून एकदा वर्गात एखाद्या गटाचा मुद्दा फळ्यावर लिहा. मुलांना त्याचं फार अप्रूप असतं.

सगळं काम एकाच मुलीवर पडतं.

कामांना नावं द्या आणि दर चर्चेला ती फिरवा. सूत्रधार चर्चा सुरू ठेवतो आणि मागे पडलेल्यांना हाक देतो. शंकेखोराने प्रत्येक प्रस्तावाला किमान एक खरी अडचण दाखवायची. पडताळणीवाला आकडे आणि दावे तपासतो. लेखनिक मसुदा लिहितो. पाचवा दुसऱ्या बाजूने बोलतो : वरच्या उदाहरणात ऊस घेणारा शेतकरी. शंकेखोराचं काम नेमून दिलेलं असलं की विरोध करणं उद्धटपणाचं वाटत नाही. आपल्याकडे वर्गमैत्रिणीला ‘मला पटलं नाही’ असं लेखी सांगायला मुलं कचरतात, आणि या एका भूमिकेने ती भीड बरीच मोडते.

लेखनिकाचं काम मात्र पहिल्या फेरीत मुद्दाम एखाद्या मुलाकडे द्या. सुवाच्य लिहिणं मुलींचं काम, हा समज ऑनलाइनही सोबत येतो.

जिगसॉ पद्धत ऑनलाइन जमते का?

जमते, आणि तिथे ती वर्गापेक्षाही नीट चालते, कारण बाकं हलवावी लागत नाहीत. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ही पद्धत उभी केली. विषयाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा. एकच तुकडा मिळालेले आधी ‘तज्ज्ञ गटा’त बसून तो पक्का करतात, मग आपापल्या ‘मूळ गटा’त जाऊन इतरांना शिकवतात.

पाण्याच्या विषयाचे पाच तुकडे करा : पाऊस, खडक आणि भूजल, पीकपद्धती, ग्रामसभेचे अधिकार, पाण्याचा ताळेबंद. ६० विद्यार्थ्यांचे पाच-पाच जणांचे १२ मूळ गट होतात. प्रत्येक तुकड्याचे १२ तज्ज्ञ होतात. ते एका गटाला जास्त, म्हणून सहा-सहाचे दोन गट करा. एकूण १० तज्ज्ञ गट.

मूडलमध्ये यासाठी ‘ग्रुपिंग’, म्हणजे गटांचा संच, लागतं. ‘तज्ज्ञ’ आणि ‘मूळ’ अशी दोन ग्रुपिंग तयार करा. पहिल्यात १० गट टाका, दुसऱ्यात १२. मग दोन फोरम उघडा आणि दोन्हींत ‘सेपरेट ग्रुप्स’ ठेवून एकाला पहिलं, दुसऱ्याला दुसरं ग्रुपिंग नेमा. ग्रुपिंग नेमलं नाही तर प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही फोरममध्ये आपले दोन्ही गट दिसतात आणि निम्म्या पोस्ट चुकीच्या गटात पडतात. तज्ज्ञ फोरम पाच दिवसांनी ‘कट-ऑफ’ने बंद करा आणि मूळ फोरम सहाव्या दिवशी खुला करा.

खडकाचा तुकडा नीट तयार करून द्या. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर आहे, तिथे पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं. हे समजल्याशिवाय ‘बोअर आणखी खोल मारू’ या सूचनेला गटात कोणी उत्तर देऊ शकत नाही.

काही जण लिहीतच नाहीत.

तिसऱ्या दिवशी शोधा, दहाव्या नको. कोर्सच्या ‘रिपोर्ट्स’मध्ये ‘कोर्स पार्टिसिपेशन’ उघडा, फोरम निवडा, भूमिका ‘स्टुडंट’ आणि कृती ‘पोस्ट’ ठेवा. न लिहिलेल्यांसमोर ‘नो’ येतं. त्या सगळ्यांना तिथूनच एक संदेश पाठवता येतो. कृती ‘व्ह्यू’ ठेवूनही एकदा बघा. जो वाचतो पण लिहीत नाही त्याची अडचण भाषेची किंवा संकोचाची असते. जो उघडतच नाही त्याची अडचण बहुधा लॉगिनची, किंवा घरात भावंडांत मिळून एकच फोन असण्याची. दोघांना एकच रागावणी लागू पडत नाही. फोन सामायिक असेल तर कॉलेजच्या संगणक कक्षात आठवड्याचे दोन तास राखून ठेवा. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये नेट नसतानाही पोस्ट लिहून ठेवता येते, नेट आलं की ती जाते. हे बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतं.

ईमेल येत नाहीत. किंवा फार येतात.

अजिबात येत नसतील तर सर्व्हरवरचं ‘क्रॉन’, म्हणजे ठरलेली कामं वेळोवेळी आपोआप करणारी यंत्रणा, चालू आहे का ते ॲडमिनला विचारा. ते दर मिनिटाला चालावं अशी मूडलची शिफारस आहे. ते बंद असलं की एकही सूचना जात नाही. अर्ध्या तासाने येत असतील तर काही बिघडलेलं नाही, पोस्ट बदलायची मुदत संपायची वाट पाहिली जाते. फार येत असतील तर विद्यार्थ्याने फोरमच्या वैयक्तिक सेटिंगमध्ये रोजचा एकच एकत्रित मेल निवडावा.

मराठीत टाइप करताना अडचण येते.

मोबाइलवर जीबोर्ड किंवा इनस्क्रिप्ट कळफलक पुरतो. बोलून टाइप करायला हरकत नाही, फक्त विरामचिन्हं हाताने घालावी लागतात. मोठी गडबड होते ती जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधला मजकूर चिकटवल्यावर. तो युनिकोड नसल्याने इतरांना निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आधी युनिकोडमध्ये बदलून मगच चिकटवा. मराठी-इंग्रजी मिसळलेलं लिखाण चालू द्या. शुद्धलेखनाचे गुण चर्चेत कापू नका, ते गटाच्या अंतिम मसुद्यात तपासा.

एआयकडून लिहून आणतात.

ज्या प्रश्नाचं उत्तर कुठेही मिळतं तिथे ते आणणारच. स्वतः पाहिलेल्या विहिरीची खोली, काकांचं म्हणणं आणि गटातल्या मैत्रिणीचं कालचं वाक्य, हे कुठलंही यंत्र आपणहून पुरवू शकत नाही. तरीही संशय आला तर आरोप करू नका. त्या पोस्टवर त्यालाच वर्गात दोन मिनिटं बोलायला सांगा.

गुण कसे द्यायचे?

अंतर्गत मूल्यमापनाचे १० गुण असतील तर वेळेत आणि स्वतःच्या माहितीसह आलेल्या पहिल्या पोस्टला ३, ‘धरा-जोडा-विचारा’ पाळणाऱ्या दोन उत्तरांना ४ आणि गटाच्या मसुद्याला ३ ही वाटणी चांगली चालते. पोस्टच्या संख्येवर गुण कधीच नकोत. मूडलच्या ‘रेटिंग्ज’मध्ये ‘सम’ हा पर्याय निवडला की नेमकं तेच होतं : जास्त पोस्ट, जास्त गुण, आणि फोरम ‘सहमत’ने भरतो. मूडल ३.८ पासून ‘होल फोरम ग्रेडिंग’ आहे. त्यात एका विद्यार्थ्याच्या सगळ्या पोस्ट एकाच पडद्यावर येतात आणि रुब्रिक (निकषांचा तक्ता) लावता येतं. तेच वापरा. निकष पहिल्या दिवशी जाहीर करा.

वाद चिघळला तर?

आक्षेपार्ह पोस्ट थेट डिलीट करू नका, कारण तिच्यासोबत तिच्याखालची सगळी उत्तरं जातात. पडद्याचा फोटो घेऊन ठेवा, मग ‘एडिट’ने तेवढा मजकूर काढून ‘शिक्षकांनी मजकूर काढला’ असं लिहा. विषय भरकटला असेल तर ‘स्प्लिट’ने तो भाग वेगळ्या धाग्यात न्या. जात, धर्म किंवा बाईपणावरून टोमणा असेल तर त्याच दिवशी दोघांशी वेगवेगळं, समोरासमोर बोला. लेखी उत्तर देत बसू नका.

यात माझा किती वेळ जाईल?

१२ गट, प्रत्येकी १५ पोस्ट, प्रत्येकी १५० शब्द : एकूण २७,००० शब्द. मिनिटाला २०० शब्दांनी सव्वादोन तास. हा वेळ दहा दिवसांत रोज पंधरा मिनिटं असा विभागला तर पेलतो, शेवटच्या रात्रीवर टाकला तर नाही. गुण देण्याचा वेळ यात धरलेला नाही. सत्रात अशा तीन चर्चा पुष्कळ झाल्या.

सत्र संपल्यावर या पोस्टचं काय करायचं?

कोर्सचा बॅकअप घ्या, आणि घेताना विद्यार्थ्यांची नोंद समाविष्ट करण्याची खूण सुरू ठेवा. ती बंद राहिली तर फोरमची चौकट तेवढी जपली जाते, लिखाण नाही. हा बॅकअप घ्यायची परवानगी बहुधा ॲडमिनकडेच असते, तेव्हा आधी विचारून ठेवा. बॅकअप हाती आल्यावर ‘रीसेट’मधून फोरमच्या पोस्ट पुसा, म्हणजे तोच कोर्स नव्या तुकडीला कोरा मिळतो. एखाद्या गटाची चर्चा पुढच्या वर्षी नमुना म्हणून दाखवायची असेल तर त्या पाच जणांची परवानगी घ्या आणि नावं, फोटो व गावाची ओळख काढून टाका. ही परवानगी निकाल लागल्यानंतर मागा, म्हणजे नाही म्हणायला कोणी घाबरणार नाही.